पत्ता आणि प्रमाण : वैद्यकीय नियतकालिकांतील संदर्भलेखन पद्धतीचा इतिहास

सारांश

वैद्यकीय नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठविताना संदर्भ कोणत्या पद्धतीने लिहावेत, हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक आणि म्हणून दुय्यम समजला जातो. प्रस्तुत लेखात १८७९ मधील 'इंडेक्स मेडिकस'पासून १९७८ च्या व्हँकुव्हर बैठकीपर्यंत आणि तेथून आजच्या संगणकीय साधनांपर्यंत या पद्धतीचा इतिहास मांडला आहे. संदर्भाची शिस्तबद्ध मांडणी मूळ लेख सापडण्याची हमी देते. तो लेख वाचला गेला आहे याची हमी ती देत नाही. या दोन गोष्टींतील अंतराचे परिणाम वैद्यकशास्त्रात किती गंभीर होतात, हे काही ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : संदर्भलेखन, व्हँकुव्हर पद्धती, इंडेक्स मेडिकस, वैद्यकीय नियतकालिके, संशोधननीती.

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या लेखनव्यवहारात संदर्भसूची हा सर्वांत शेवटी आणि बहुधा सर्वांत घाईने हाताळला जाणारा भाग असतो. विवेचन पूर्ण झाले, निष्कर्ष लिहून झाले, की मग वर्ष कोठे लिहावे, नियतकालिकाचे नाव संक्षेपाने द्यावे की पूर्ण, सर्व लेखकांची नावे द्यावीत की पहिल्या काहींचीच, असे प्रश्न उभे राहतात. ते सोडविण्याचे काम पूर्वी टंकलेखकाकडे आणि अलीकडे संगणकाकडे सोपविले जाते. त्यामुळे संदर्भलेखन म्हणजे विरामचिन्हांचा खटाटोप, अशी समजूत दृढ झाली आहे.

वैद्यकशास्त्रात ही समजूत परवडण्यासारखी नाही. औषध कोणत्या मात्रेत द्यावे, शस्त्रक्रिया कोणत्या अवस्थेत करावी, एखादे लक्षण किती गंभीर मानावे, हे निर्णय पूर्वप्रसिद्ध लेखनाच्या आधारे घेतले जातात. त्या लेखनाकडे नेणारी वाट म्हणजे संदर्भ. ती वाट चुकली तर त्याची किंमत अखेरीस रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच संदर्भ लिहिण्याची एकच सर्वमान्य पद्धत का हवी होती, ती कोणी व कोणत्या परिस्थितीत घडविली आणि तिने काय साधले, काय साधले नाही, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

नामनिर्देशापासून पत्त्यापर्यंत

पूर्वसूरींचा निर्देश करण्याची प्रथा वैद्यकशास्त्राला नवीन नाही. सुश्रुतसंहितेचा टीकाकार डल्हण हा जेज्जट, गयदास इत्यादी आधीच्या टीकाकारांचे मत त्यांच्या नावानिशी देतो. या आचार्यांच्या लेखनाचा बराच भाग आज उपलब्ध नाही. त्यांच्या मतांची ओळख पुष्कळ ठिकाणी अशा निर्देशांतूनच होते. परंतु हा निर्देश नावाचा असतो, स्थळाचा नसतो. ग्रंथ मुखोद्गत असणाऱ्या वाचकवर्गाला नाव पुरेसे होते. मुद्रणानंतर ही स्थिती बदलली. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेल्या आयुर्वेदीय संहिता प्रसिद्ध केल्या. स्थान, अध्याय आणि श्लोक या क्रमाने दिलेला निर्देश अशा मुद्रित संहितेत कोणासही पडताळून पाहता येतो. नावाची जागा येथे पत्त्याने घेतली.

युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हीच गरज वेगळ्या कारणाने तीव्र झाली. ज्ञानाचे मुख्य वाहन ग्रंथाऐवजी नियतकालिक झाले. ग्रंथ थोडे आणि ओळखीचे होते. नियतकालिके असंख्य, अनेक भाषांतील आणि अल्पायुषी होती. त्या काळच्या वैद्यकीय लेखांतील तळटीपा पाहिल्या तर त्यांत लेखकाचे आडनाव, नियतकालिकाचे मनाला येईल तसे केलेले संक्षिप्त नाव आणि क्वचित पृष्ठांक एवढेच आढळते. समकालीन तज्ज्ञाला ही खूण पुरत असे. तीस वर्षांनंतरच्या किंवा दुसऱ्या देशातील वाचकाला ती निरुपयोगी ठरे.

बिलिंग्ज आणि 'इंडेक्स मेडिकस'

या अडचणीचा पद्धतशीर विचार करणारी व्यक्ती म्हणजे अमेरिकी सैन्यातील शल्यवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज (१८३८–१९१३). ओहायो येथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना अपस्मारावरील शस्त्रक्रियेसंबंधी प्रबंध लिहिण्यासाठी त्यांना अनेक ग्रंथालये धुंडाळावी लागली आणि एकाही ठिकाणी आवश्यक ते सर्व साहित्य मिळाले नाही. १८६५ पासून त्यांच्याकडे वॉशिंग्टन येथील सर्जन जनरलच्या कार्यालयातील ग्रंथसंग्रहाची जबाबदारी आली. त्यांनी हा लहानसा संग्रह वाढविला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातील नियतकालिकांतील प्रत्येक लेखाची विषयवार नोंद करण्याचे काम हाती घेतले.

१८७९ मध्ये बिलिंग्ज व त्यांचे सहकारी रॉबर्ट फ्लेचर यांनी 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची सुरू केली. पुढील वर्षी ग्रंथालयाच्या बृहत् सूचीचा पहिला खंड निघाला. १८९५ पर्यंत तिच्या पहिल्या मालेचे सोळा खंड पूर्ण झाले. सूचिकाराला प्रत्येक लेखाची नोंद एकाच साच्यात करावी लागते : लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, पृष्ठे. नियतकालिकाचे संक्षिप्त नावही एकदा ठरले की सर्वत्र तेच वापरावे लागते. लेखकांनी पुढे ज्या पद्धतीने संदर्भ लिहिले, तिचा साचा अशा प्रकारे ग्रंथपालाच्या टेबलावर तयार झाला, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

'इंडेक्स मेडिकस'चा मार्ग सोपा नव्हता. आर्थिक अडचणींमुळे १८९९ मध्ये ते बंद पडले; १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने पुन्हा सुरू झाले; १९२७ नंतर त्याचे रूप व नाव बदलले. सर्जन जनरलचे ग्रंथालय १९५६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झाले आणि १९६० पासून 'इंडेक्स मेडिकस' पुन्हा मूळ नावाने निघू लागले. १९६४ मध्ये या ग्रंथालयाने 'मेडलार्स' ही संगणकीय यंत्रणा सुरू केली. यंत्राला अंदाज बांधता येत नाही. मानवी वाचक स्वल्पविराम चुकला तरी अर्थ लावून घेतो. यंत्राला लेखकाचे नाव कोठे संपते आणि शीर्षक कोठे सुरू होते हे चिन्हानेच सांगावे लागते. विरामचिन्हांना प्राप्त झालेल्या महत्त्वामागे हे एक व्यावहारिक कारण आहे.

डॉ. ऊप्लावित्सी यांचे चरित्र

साचा नसेल तर काय घडते, याचे एक उदाहरण वैद्यकशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ यारोस्लाव ह्लावा यांनी १८८७ मध्ये आमांशाच्या रुग्णांत आढळणाऱ्या अमीबांविषयी चेक भाषेत लेख प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक 'ओ ऊप्लावित्सी' असे होते. चेक भाषेत याचा अर्थ 'आमांशाविषयी' एवढाच आहे. एका जर्मन नियतकालिकाने या लेखाचा गोषवारा छापला, तेव्हा शीर्षकालाच लेखकाचे नाव समजण्यात आले आणि डॉ. ओ. ऊप्लावित्सी नावाचे संशोधक जन्माला आले.

पुढील पन्नास वर्षे हे संशोधक निरनिराळ्या देशांच्या लेखांत व ग्रंथांत आमांशावरील अधिकारी म्हणून उद्धृत होत राहिले. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी १९३८ मध्ये 'पॅरासायटॉलॉजी' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहून या प्रकरणाचा उलगडा केला. दिवंगत शास्त्रज्ञाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे द्यावीत त्याप्रमाणे त्यांनी शीर्षकातच १८८७ ते १९३८ असा कालखंड दिला होता.

ही कथा विनोद म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात दोन वेगळे दोष आहेत. पहिला दोष मांडणीचा : लेखक कोणता आणि शीर्षक कोणते हे नोंदीवरून निःसंदिग्धपणे कळत नव्हते. दुसरा दोष वाचनाचा : पन्नास वर्षांत ज्यांनी हे नाव उद्धृत केले त्यांनी मूळ लेख उघडून पाहिलाच नव्हता; पाहिला असता तर त्यावर ह्लावा यांचे नाव दिसले असते. पहिल्या दोषावर पुढील काळात प्रभावी उपाय सापडला. आज राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या पद्धतीनुसार परभाषेतील शीर्षकाचे इंग्रजी भाषांतर चौकटी कंसात दिले जाते आणि नोंदीच्या अखेरीस मूळ भाषा सांगितली जाते. मराठी लेखाचा संदर्भही इंग्रजी वैद्यकीय निबंधात याच रीतीने द्यावा लागतो. दुसऱ्या दोषावर असा उपाय सापडलेला नाही.

क्रमांक की वर्ष?

संदर्भाची नोंद कशी करावी याबरोबरच मजकुरात तिचा निर्देश कसा करावा, हाही प्रश्न होता. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये गोगलगायीच्या वर्गातील एका प्राण्याच्या अंड्यांच्या विकासावर लिहिलेल्या निबंधात लेखकाचे नाव व वर्ष कंसात देण्याची रीत वापरली. 'हार्वर्ड पद्धती' या नावाने ती पुढे रूढ झाली. लेखकाचे नाव आणि काळ वाचनाच्या ओघातच कळतो, हा तिचा गुण. सामाजिक शास्त्रांत व जीवशास्त्राच्या काही शाखांत ती स्थिरावली.

वैद्यकीय नियतकालिकांचा कल मुख्यतः क्रमांकाकडे राहिला. चिकित्सकाचे वाचन घाईचे असते. एका विधानापुढे पाच-सहा नावे व वर्षे आली तर वाक्य तुटते. क्रमांक थोडी जागा घेतो. मात्र त्याची एक मोठी अडचण होती. समीक्षकाच्या सूचनेवरून मध्येच एक नवा संदर्भ घातला, तर पुढील सर्व क्रमांक बदलावे लागत. टंकलेखन यंत्राच्या काळात याचा अर्थ पाने पुन्हा टंकित करणे असा होता. त्यात प्रत्येक नियतकालिकाची संदर्भपद्धती वेगळी असल्यामुळे, एका संपादकाने नाकारलेला निबंध दुसऱ्याकडे पाठविताना संपूर्ण सूची नव्याने करावी लागे. प्रत्येक नव्या टंकलेखनाबरोबर खंड किंवा पृष्ठांक चुकण्याची एक नवी संधी निर्माण होत असे.

व्हँकुव्हर, १९७८

जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हँकुव्हर शहरात सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांची अनौपचारिक बैठक झाली. 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'चे एडवर्ड ह्यूथ आणि 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चे स्टीफन लॉक हे या प्रयत्नातील प्रमुख होत. हस्तलिखित कोणत्या स्वरूपात स्वीकारावे याविषयी एकवाक्यता साधावी, एवढाच बैठकीचा मर्यादित हेतू होता. संदर्भांसाठी त्यांनी नवी पद्धत शोधली नाही. राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने सूचीकार्यासाठी विकसित केलेला साचा स्वीकारला. या साच्याला १९७७ च्या अमेरिकन राष्ट्रीय मानकाचा आधार होता. १९७९ मध्ये या 'समान आवश्यकता' प्रसिद्ध झाल्या आणि बैठकीच्या स्थळावरून पद्धतीला 'व्हँकुव्हर' हे नाव मिळाले.

या कराराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. प्रत्येक नियतकालिकाने आपली छापील शैली सोडून द्यावी असा आग्रह त्यात नव्हता. ठरलेल्या रीतीने आलेले हस्तलिखित केवळ शैलीच्या कारणावरून परत पाठविले जाणार नाही, आणि प्रकाशनापूर्वी स्वतःच्या शैलीत बदल करावयाचा असेल तर तो नियतकालिकाने करावा, असे ठरले. श्रमाचा भार लेखक व टंकलेखक यांच्याकडून संपादकीय कार्यालयाकडे सरकला. पुढील दोन दशकांत पाचशेहून अधिक नियतकालिकांनी या आवश्यकता मान्य केल्या.

पद्धतीचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सिकंदराबाद येथे ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात मलेरियाच्या परोपजीवीची अवस्था पाहिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. शीर्षकाचे मराठी रूपांतर करून ही नोंद देवनागरीत लिहिल्यास ती अशी होईल : रॉस आर. मलेरियाचे रक्त प्यालेल्या दोन डासांत आढळलेल्या काही विलक्षण रंजकयुक्त पेशींविषयी. ब्रिट मेड ज. १८९७;२:१७८६-८. आडनाव प्रथम, नंतर पूर्णविरामाविना आद्याक्षर, शीर्षक, नियतकालिकाचे ठरीव संक्षिप्त नाव, वर्षानंतर अर्धविराम, खंडानंतर अपूर्णविराम. अखेरच्या पृष्ठाचे पुनरुक्त अंक गाळल्यामुळे १७८६ ते १७८८ ही पृष्ठे '१७८६-८' अशी लिहिली जातात. येथे 'दोन' हा आकडाही निरर्थक नाही. हे साप्ताहिक वर्षातून दोन खंडांत बांधले जात असे आणि दुसऱ्या सहामाहीचा खंड त्यातून सूचित होतो. मुंबईच्या किंवा लंडनच्या ग्रंथालयात ही ओळ घेऊन जाणाऱ्याला ते पान मिळतेच.

विरामचिन्हांपासून सुरू झालेले हे काम तेथेच थांबले नाही, हे या इतिहासातील विशेष होय. संपादकांचा तो गट पुढे वैद्यकीय नियतकालिक संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८५ मध्ये समितीने लेखक कोणास म्हणावे याचे निकष दिले. २००४ मध्ये चिकित्सालयीन चाचण्यांची पूर्वनोंदणी ही प्रकाशनाची अट म्हणून जाहीर केली. भारतातील चाचण्यांसाठीची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. २०१३ मध्ये मूळ दस्तऐवजाचे नावच बदलले. 'हस्तलिखितांसाठी समान आवश्यकता' ऐवजी संशोधनकार्याचे आचरण, वृत्तलेखन, संपादन व प्रकाशन यांविषयीच्या 'शिफारशी' असे ते झाले. संदर्भांच्या तपशिलासाठी या शिफारशी आता ग्रंथालयाच्या 'सायटिंग मेडिसिन' या मार्गदर्शिकेकडे बोट दाखवितात. हस्तलिखिताच्या स्वरूपावर एकत्र आलेल्या संपादकांना ते हस्तलिखित कसे घडते याची चौकशी टाळता आली नाही, असा याचा अर्थ घेता येईल.

नावांचा प्रश्न आणि महाराष्ट्र

व्हँकुव्हर पद्धती पाश्चात्त्य नामरचना गृहीत धरते : एक स्थिर आडनाव आणि एक-दोन आद्याक्षरे. महाराष्ट्रातील लेखकांना ही रचना वरवर सोयीची वाटते, कारण आपल्याकडे आडनाव आहे. परंतु आपले मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते आणि विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव ही दोन्ही बदलण्याची रूढी आहे. अशा वेळी एकाच संशोधिकेचे लेखन सूचीमध्ये दोन व्यक्तींच्या नावावर विभागले जाते. दुसरीकडे, पाटील, जोशी, कुलकर्णी, देशमुख अशी आडनावे आणि एकच आद्याक्षर असणारे अनेक लेखक सूचीत एक होऊन जातात.

रोमन लिपीतील लेखनभेद ही तिसरी अडचण. पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात १८८६ मध्ये आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर करणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचे आडनाव तेथे शेवटी दोनदा 'ई' अक्षर देऊन लिहिले गेले. आजच्या रूढ लेखनाप्रमाणे शोध घेणाऱ्यास ती नोंद सहज मिळणार नाही. २०१२ मध्ये सुरू झालेला 'ऑर्किड' हा सोळा अंकी संशोधक-क्रमांक या प्रश्नावरील उपाय आहे. पहिल्या निबंधापासून एकच नाव व एकच रोमन लेखन पाळणे, हा त्याहून साधा उपाय प्रत्येक मार्गदर्शकाने आपल्या विद्यार्थ्याला सांगितला पाहिजे.

मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयाच्या अध्यापकवर्गाने १९५५ पासून चालविलेले 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे महाविद्यालयीन नियतकालिक जागतिक सूचींत समाविष्ट आहे. महाविद्यालयातून निघालेला लेख जगभर सापडावा यासाठी संदर्भाची समान भाषा किती उपयोगी पडते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

पत्ता बरोबर, साक्ष चुकीची

समान पद्धतीमुळे चुका थांबल्या का? डी लेसी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. जानेवारी १९८४ मधील सहा वैद्यकीय नियतकालिकांचे संदर्भ त्यांनी मूळ लेखांशी ताडून पाहिले. २४ टक्के संदर्भांच्या नोंदीत चुका होत्या. त्याहून चिंताजनक बाब अशी की १५ टक्के संदर्भांत मूळ लेखकाच्या म्हणण्याचाच विपर्यास झाला होता आणि त्यांतील बहुतेक चुका वाचकाची दिशाभूल करणाऱ्या होत्या. नोंदीतील चूक सूचीशी ताडून दुरुस्त करता येते. अर्थाचा विपर्यास केवळ मूळ लेख वाचूनच उघडकीस येतो.

या दुसऱ्या दोषाची किंमत किती मोठी असू शकते, हे एका पाच वाक्यांच्या पत्राने दाखवून दिले. १० जानेवारी १९८० च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामक औषध किमान एकदा मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन जडल्याची केवळ चार प्रकरणे नोंदली गेली, असे त्यात म्हटले होते. रुग्णालयाबाहेर, दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्यांविषयी पत्रात काहीही नव्हते. पुढील काळात मात्र 'या औषधांचे व्यसन क्वचितच लागते' या सर्वसाधारण विधानाला आधार म्हणून हे पत्र उद्धृत होऊ लागले.

२०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी त्याच नियतकालिकात या उद्धरणांचा हिशेब मांडला. पत्राचा संदर्भ ६०८ ठिकाणी आला होता. त्यांपैकी ७२.२ टक्के लेखकांनी तो व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून दिला होता आणि ८०.८ टक्के लेखकांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट नमूद केली नव्हती. 'ऑक्सिकॉन्टिन' हे औषध १९९० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आल्यानंतर ही उद्धरणे विशेष वाढली होती. त्या औषधाची निर्माती कंपनी व तिचे तीन वरिष्ठ अधिकारी यांनी व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याच्या प्रकरणात २००७ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात अपराध कबूल केला. उत्तर अमेरिकेतील अफूजन्य औषधांच्या संकटाची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व एका पत्रावर लादणे योग्य होणार नाही. तथापि त्या विश्वासाचा पाया रचण्यात या उद्धरणांचा वाटा होता, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

ऊप्लावित्सी प्रकरणाशी याची तुलना उद्बोधक ठरते. तेथे पत्ता चुकला होता आणि म्हणून माणूस काल्पनिक निघाला. येथे लेखक खरे, नियतकालिक खरे. दिलेल्या पत्त्यावर पत्र सापडतही होते. पाच वाक्ये वाचण्यास एक मिनिटही लागत नाही. तरीही त्याचा संदर्भ देणाऱ्या बहुसंख्य लेखांत पत्रात नसलेली साक्ष पत्राच्या नावावर नोंदली गेली. पहिल्या प्रकरणानंतर मांडणी सुधारली. दुसऱ्या प्रकरणात निर्दोष मांडणीनेच विधानाला प्रतिष्ठा दिली.

यंत्राच्या हाती सूची

संदर्भांची यांत्रिक बाजू आता जवळजवळ पूर्णपणे संगणकाकडे गेली आहे. राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे 'पबमेड' १९९६ मध्ये सुरू झाले आणि १९९७ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाले. छापील 'इंडेक्स मेडिकस' २००४ च्या अखेरीस बंद करण्यात आले. २००६ मध्ये आलेल्या 'झोटेरो'सारख्या साधनांमुळे व्हँकुव्हरमधून हार्वर्ड पद्धतीत जाणे ही काही क्षणांची गोष्ट झाली. १९७८ मध्ये संपादकांना एकत्र आणणारे श्रम अशा रीतीने संपुष्टात आले.

श्रम संपले तसे लक्षही कमी झाले काय, असा प्रश्न पडतो. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी कोणत्या सूचींतील नियतकालिके ग्राह्य धरावीत याची यादी दिली, तेव्हा तिच्यात 'इंडेक्स मेडिकस'चाही समावेश होता. छापील सूची त्यापूर्वी दहा वर्षांहून अधिक काळ बंद होती. ती परिषदही २०२० मध्ये विसर्जित होऊन तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. तथापि सूचीच्या नावाला प्रमाण मानून सूची मात्र न उघडण्याची ही सवय परिषदेपुरती मर्यादित नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. २०२३ मध्ये 'क्युरियस' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'चॅटजीपीटी'कडून लिहून घेतलेल्या वैद्यकीय मजकुरातील ११५ संदर्भ तपासण्यात आले. ४७ टक्के संदर्भ पूर्णतः बनावट होते, ४६ टक्के खऱ्या लेखांचे पण चुकीच्या तपशिलाचे होते आणि केवळ ७ टक्के खरे व अचूक होते. बनावट संदर्भातही आडनाव, आद्याक्षर, वर्ष, खंड व पृष्ठे आपापल्या जागी असू शकतात. शंभर वर्षांपूर्वी सदोष मांडणीमुळे एक काल्पनिक संशोधक जन्मला. आता निर्दोष मांडणीसह कितीही काल्पनिक लेख तयार होऊ शकतात. संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ पासून अशा साधनांच्या वापराची जबाबदारी स्पष्टपणे मानवी लेखकावर टाकली आहे. माघारी घेतलेल्या लेखांचा संदर्भ दिला जात नाही ना, हे पाहण्याचे कर्तव्यही तिच्या शिफारशींनुसार लेखकाचेच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की संदर्भाची समान पद्धती वाचक, ग्रंथपाल आणि टंकलेखक यांच्या प्रत्यक्ष अडचणींतून घडली. तिला संपादकांचा लहरीपणा म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तिच्यामुळे एका देशातील निरीक्षण दुसऱ्या देशातील चिकित्सकास पडताळता येऊ लागले. दुसरा निष्कर्ष असा की ही पद्धती पत्त्याची आहे. पत्त्यावर जाऊन आल्याचे प्रमाणपत्र तिच्यातून मिळत नाही, आणि ते देण्याचा दावा तिने कधी केलेलाही नाही. तसा दावा आपण वाचक या नात्याने तिच्यावर लादतो. नीटनेटकी सूची पाहिली की लेखकाने ते सर्व वाचले असावे असे गृहीत धरतो.

तिसरा निष्कर्ष अध्यापकांच्या दैनंदिन कामाशी निगडित आहे. पदव्युत्तर प्रबंध तपासताना संदर्भांची संख्या आणि विरामचिन्हे पाहिली जातात. त्याऐवजी सूचीतील कोणतेही पाच संदर्भ निवडून विद्यार्थ्याला मूळ लेख समोर ठेवण्यास सांगावे आणि प्रबंधातील विधान त्या लेखातील कोणत्या वाक्यावर उभे आहे, एवढेच विचारावे. त्यासाठी नवा नियम किंवा नवे यंत्र लागत नाही, आणि वेळही एका तासाहून अधिक लागू नये. मूळ लेख न मिळाल्यास तो ज्या लेखातून कळला त्याचाच संदर्भ द्यावा, हा जुना संकेतही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितला पाहिजे. विरामचिन्हांची शिस्त यंत्राकडे सोपवून जो वेळ वाचला आहे, तो या कामी लावला तर व्हँकुव्हरच्या संपादकांनी वाचविलेले श्रम सत्कारणी लागतील.